खेळासाठी घडवलेल्या भाषा

इंग्रजीत 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात त्या खेळाला मराठीत अजून सर्वमान्य नाव नाही. या लेखापुरते त्याला 'भूमिकाखेळ' म्हणू. चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एकजण सूत्रधार होतो, बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो : समोर बंद दार आहे, आतून कण्हण्याचा आवाज येतो आहे. मग विचारतो, 'तुम्ही काय करता?' उत्तर आपापल्या पात्राच्या वतीने द्यायचे. यशाची खात्री नसेल तिथे फासे टाकायचे आणि फाशांनी दिलेला कौल मान्य करून गोष्ट पुढे न्यायची. पट आणि सोंगट्या असल्या तर ठीक, नसल्या तरी अडत नाही. सारा खेळ बोलण्याचा आहे.

गोव्यातील आणि तळकोकणातील वाचकांना हे ऐकून दशावतार आठवला तर नवल नाही. तिथेही आख्यान ठरलेले असते, पण संवाद कागदावर नसतात. नट ते उभ्या उभ्या रचतो आणि समोरचा नट त्याला तितक्याच हजरजबाबीपणे उत्तर देतो. फरक एवढाच की संकासुर शेवटी मरणार हे दशावतारात सगळ्यांना ठाऊक असते. भूमिकाखेळात शेवट सूत्रधारालाही ठाऊक नसतो, आणि बघायला प्रेक्षकही नसतात.

या खेळाचा पहिला प्रकाशित नमुना 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ मध्ये काढला. पहिली आवृत्ती अवघ्या हजार प्रतींची होती. त्याच्या मुळाशी काय होते हे शोधायला फारसे संशोधन लागत नाही, कारण गायगॅक्सने १९७९ च्या सूत्रधार-मार्गदर्शिकेत एक परिशिष्ट जोडून आपल्या प्रेरणांची यादीच देऊन टाकली. ती इतकी प्रसिद्ध झाली की तिच्या परिशिष्टक्रमांकावरून 'अपेंडिक्स एन' हे नाव साहित्यप्रकारासारखे वापरले जाते. लहानपणी वडिलांनी सांगितलेल्या गोष्टी, शेकड्यांनी वाचलेल्या चित्रकथा आणि मग कादंबरीकारांची रांग, असा तिचा क्रम आहे. चित्रकथांमध्ये ईसी या प्रकाशनसंस्थेच्या भयकथांचा तो खास उल्लेख करतो.

यादी वाचताना ध्यानात येते की प्रेरणा आणि उसनवारी यांच्यातली रेषा या मंडळींनी फारशी जपलेली नव्हती. जॅक व्हान्सच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) या कथांमध्ये जादूगार मंत्र पाठ करतो आणि एकदा उच्चारला की तो मंत्र त्याच्या डोक्यातून पुसला जातो. ही कल्पना खेळाने नियम म्हणून जशीच्या तशी उचलली. पुढे व्हान्सच्या नावातील अक्षरे उलटीसुलटी करून 'वेक्ना' हा दुष्ट जादूगारही तयार केला. जखमा आपोआप भरून येणारा राक्षस पोल अँडरसनच्या कादंबरीतला. टॉल्किनचे 'हॉबिट' तर नावासकट आले होते. हक्कधारकांनी हरकत घेतल्यावर त्यांचे 'हाफलिंग' झाले. पहिल्या पुस्तिकांमधली काही चित्रे मार्व्हलच्या 'स्ट्रेंज टेल्स' या चित्रकथा-मासिकावरून चक्क गिरवलेली आहेत. आणि घुबडाचे तोंड असलेल्या अस्वलासारखे काही अक्राळविक्राळ प्राणी हाँगकाँगला बनलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवरून सुचले. नवे साहित्य असेच घडते, असे मला वाटते. फक्त आपण ते इतक्या मोकळेपणाने कबूल करत नाही.

चित्रकथांचा खरा परिणाम मात्र राक्षसांच्या रूपांवर नव्हे, नियमांच्या रचनेवर झाला. १९८१ साली आलेल्या 'चॅम्पियन्स' या खेळात प्रत्येक खेळाडू ठरावीक गुण खर्चून आपला महानायक घडवतो : उडण्याला इतके गुण, अदृश्य होण्याला इतके. गुण अपुरे पडले तर आपल्या पात्राच्या अडचणी पत्करून जास्तीचे गुण मिळवायचे. गुप्त ओळख ही अडचण. घरी अवलंबून असलेले म्हातारे माणूस ही अडचण. सूडाला टपलेला शत्रू ही अडचण. महानायकाच्या चित्रकथा अंकामागून अंक वाचकाला धरून ठेवतात त्या त्याच्या शक्तींमुळे नव्हे, या अडचणींमुळे, हे ज्याने ओळखले त्याने कथालेखनाचा एक धडाच हिशेबाच्या भाषेत मांडला. कथालेखनाच्या शिबिरात 'पात्राला अंतर्विरोध हवा' असे तासभर समजावण्यापेक्षा 'अडचण घेतलीस तर गुण मिळतील' हे सांगणे मुलांना लवकर कळते. १९८४ च्या 'मार्व्हल सुपर हीरोज' या खेळात चांगल्या कृत्यांसाठी गुण मिळतात आणि नायकाच्या हातून हत्या झाली तर साठवलेले सारे गुण जातात. त्या गुणांचे नाव आहे 'कर्म'. आपला शब्द असा फिरून परत येतो तेव्हा त्याचा हिशेब आपल्यापेक्षा फारच रोकडा झालेला असतो.

आता भाषेकडे वळू, कारण या वार्षिकाच्या वाचकांना खरा रस तिथे असणार.

कल्पित भाषांची गोष्ट टॉल्किनपासून सुरू करण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. जुन्या इंग्रजीचा हा प्राध्यापक फिनिश भाषेच्या नादावरून 'क्वेन्या' आणि वेल्शच्या नादावरून 'सिंडारिन' अशा भाषा रचत बसे. १९३१ च्या एका व्याख्यानात त्याने या छंदाला आपले गुप्त व्यसन म्हटले. आपण भाषांसाठी कथा रचल्या, कथांसाठी भाषा नव्हेत, असे तो पुढेही सांगत राहिला. भाषेला बोलणारी माणसे हवीत, माणसांना इतिहास हवा, इतिहासाला भूगोल हवा, असा त्याचा उलटा प्रवास.

टॉल्किनइतकी प्रसिद्धी न मिळालेली, पण भाषाशिक्षकाला अधिक विचार करायला लावणारी वाट अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातून निघते. तिथे मार्क ओक्रँडने म्यूट्सन या कॅलिफोर्नियातील मूळ रहिवाशांच्या भाषेच्या व्याकरणावर प्रबंध लिहिला. त्या भाषेची शेवटची जाणकार १९३० मध्येच वारली होती. ओक्रँडला काम करावे लागले ते जुन्या टिपणांवरून. याच ओक्रँडने पुढे 'स्टार ट्रेक'साठी क्लिंगॉन भाषा रचली आणि १९८५ मध्ये तिचा कोश छापला. क्लिंगॉनमध्ये आधी कर्म, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता येतो. जगातल्या भाषांमध्ये हा क्रम फार दुर्मीळ, म्हणून तर तो निवडला. त्याच विद्यापीठातून, ओक्रँडच्या आधी, फिलिप बार्कर नावाचा संशोधक ऑरेगॉनमधील क्लॅमथ लोकांमध्ये जाऊन राहिला होता. त्याने क्लॅमथ कथांचा संग्रह, कोश आणि व्याकरण १९६३-६४ मध्ये प्रसिद्ध केले. क्लॅमथ अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती २००३ मध्ये गेली. आज कुणाला ती भाषा शिकायची तर बार्करच्या पुस्तकांना वळसा घालून जाता येत नाही.

मावळत्या भाषांची शेवटची वाक्ये टिपणाऱ्या दोघांनी पुढे कधीच न उगवलेल्या भाषा रचाव्यात, हा निव्वळ योगायोग नसावा. एखादी भाषा आतून कशी बांधलेली असते हे शून्यापासून शोधून काढावे लागले की तिचे सांधे हाताला कळतात.

बार्करने पुढे इस्लाम स्वीकारला आणि मुहम्मद अब्द-अल-रहमान हे नाव घेतले. मिनेसोटा विद्यापीठात तो दक्षिण आशियाई भाषा शिकवीत असे. उर्दू आणि बलुची यांची त्याने तयार केलेली पाठ्यपुस्तके नावाजलेली आहेत. लहानपणापासून तो एक कल्पित जग मनात वाढवत होता. त्या जगाचे नाव टेकुमेल. त्यावरचा 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा खेळ १९७५ मध्ये, म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'नंतर वर्षभरातच, त्याच प्रकाशकाने काढला. त्यात युरोपीय किल्ले आणि सरदार नाहीत. भारत, पश्चिम आशिया, इजिप्त आणि माया संस्कृती यांच्या आठवणी जागवणारी साम्राज्ये आहेत. कुळे, मंदिरे, नोकरशाही आणि मानपानाचे अतिशय काटेकोर नियम आहेत. लोखंड दुर्मीळ, म्हणून चिलखतेही एका प्राण्याच्या कमावलेल्या कातड्याची. आणि तिथली त्सोल्यानी ही भाषा व्याकरण, शब्दसंग्रह आणि उजवीकडून डावीकडे लिहायच्या लिपीसह तयार आहे.

या भाषेतले एक वैशिष्ट्य इंग्रजी वाचकाला थक्क करते : समोरच्या माणसाला संबोधण्यासाठी तिच्यात द्वितीयपुरुषी सर्वनामांची लांबलचक रांग आहे. कुळ, हुद्दा, नाते यांप्रमाणे सर्वनाम बदलते आणि चुकीचे वापरले तर तो अपमान ठरतो. खेळाडूंची पात्रे होडीतून जकाल्ला या बंदरात उतरलेली परदेशी माणसे असतात. त्यांना परक्यांसाठी राखलेल्या वस्तीतच राहावे लागते. म्हणजे खेळाची सुरुवातच 'आता याला काय म्हणू?' या धास्तीने होते.

मराठी वाचकाला यात फारसे थक्क होण्यासारखे नाही. तू, तुम्ही आणि आपण ही आपली तीन दारे आहेत. वडिलांना 'अहो बाबा' की 'अरे बाबा' यावरून घराची पिढी आणि प्रदेश कळतो. 'आपण' तर दुहेरी : अतिआदराने समोरच्याला दूर ठेवणारा, आणि 'चला, आपण जेवू' म्हणताना त्याला पंक्तीत घेणारा. इंग्रजी भूमिकाखेळ मराठीत खेळून पाहणाऱ्याला याचा प्रत्यय पहिल्या पाच मिनिटांत येतो. वेशीवरचा पहारेकरी प्रवाशाला 'कोण तू?' म्हणाला की एक गोष्ट सुरू होते, 'आपण कोण?' म्हणाला की दुसरी. इंग्रजी सूत्रधाराला जे आवाजाच्या चढउतारातून दाखवावे लागते ते मराठीत व्याकरणच करून देते. बार्करने जी गोष्ट कष्टाने रचली ती आपल्याला फुकट मिळालेली आहे. मात्र ती आहे हे दाखवायला परका आरसा लागतो.

बार्करबद्दल आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. १९९१ मध्ये एका टोपणनावाने 'सर्पंट्स वॉक' नावाची कादंबरी प्रसिद्ध झाली होती. ती नाझी विचारांचा उघड पुरस्कार करणारी आहे. तिचा लेखक बार्करच होता, हे त्याच्या कल्पित जगाचे हक्क सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशनने २०२२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, जाहीरपणे मान्य केले. बिगर-युरोपीय संस्कृतींचा आदर करणारे जग रचले म्हणून ज्याचा गौरव होत आला, त्याचीच ही दुसरी बाजू. अनेकांनी टेकुमेल खेळणे सोडून दिले. माझे मत असे की शिक्षकाने बार्करची भाषा अभ्यासायला हरकत नाही, पण विद्यार्थ्यांसमोर त्याचे नाव घेताना ही कादंबरी वगळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. परक्या संस्कृतीचे ज्ञान माणसाला उदार करतेच, असा जो समज भाषाशिक्षणाच्या व्यासपीठांवरून आपण नेहमी ऐकतो, त्याला बार्करच्या चरित्राने मोठा तडा जातो. तो तडा विद्यार्थ्यांनाही दिसू द्यावा.

आतापर्यंतच्या खेळांत भाषा आधी घरी तयार होते आणि मग टेबलावर येते. कॅथरिन हाइम्स आणि हाकान सेयालिओग्लू यांचा २०१८ चा 'डायलेक्ट' हा खेळ याच्या उलट आहे : भाषा टेबलावरच जन्मते आणि खेळ संपेपर्यंत मरते. सूत्रधार नाही, फासे नाहीत. तीन ते पाच खेळाडू मिळून जगापासून तुटलेला एक समाज ठरवतात. त्या समाजाची तीन वैशिष्ट्ये ठरवतात. मग प्रत्येकजण हातातल्या पत्त्यांमधून एक पत्ता टाकतो. त्यावर कोणत्या प्रकारचा शब्द हवा याची सूचना असते. तो शब्द त्या समाजाच्या एखाद्या वैशिष्ट्यातूनच निघाला पाहिजे. शब्द ठरला की दोन पात्रे तो वापरून छोटा संवाद करतात. अशी तीन पर्वे. प्रत्येक पर्वानंतर समाजाची परिस्थिती बदलते, आणि शेवटी एकटेपणा संपतो. बाहेरचे जग आत येते, भाषा जाते.

वाचून हे कोरडे वाटेल, म्हणून मराठीत खेळ कसा चालेल ते रचून पाहू. समजा, धरणाचे पाणी चढले आणि एका वाडीची टेकडी बेट होऊन राहिली. वैशिष्ट्ये तीन : वाडीत एकच होडी आहे आणि तिच्यात पाचच माणसे मावतात, टेकडीवरच्या देवळात सगळे निर्णय होतात, पाण्याखाली गेलेल्या घरांविषयी बोलायचे नाही असा अलिखित दंडक आहे. पहिल्या पर्वात कुणीतरी शब्द काढतो : 'सहावा'. होडीत जागा न मिळाल्यामुळे काठावर थांबलेला तो सहावा. 'आज मी सहावा, तुम्ही व्हा पुढे.' दुसऱ्या पर्वात वाडीत आजारपण येते. स्वतःची पाळी सोडून दुसऱ्याला दवाखान्यात जाऊ देणाऱ्यालाही सहावा म्हणू लागतात आणि शब्दाला मान येतो. म्हातारीला हात जोडून कुणी म्हणतो, 'तुम्ही आमच्या सहाव्या.' तिसऱ्या पर्वात पूल होतो. पुलावरून शाळेत जाणारी मुले एकमेकांना चिडवतात : 'अरे ए सहाव्या, राहिलास ना मागे!' वीस वर्षांनी शहरातला नातू आजीला विचारतो, 'सहावा म्हणजे बावळट ना?' आजी काय उत्तर देते, तो संवाद खेळाडूंनी करायचा.

अर्थविस्तार, अर्थोत्कर्ष, अर्थापकर्ष या संज्ञा भाषाविज्ञानाच्या पुस्तकात विद्यार्थी पाठ करतात. इथे त्या तासाभरात हातून घडतात, आणि शेवटचा संवाद करताना टेबलाभोवती शांतता पसरली तर आश्चर्य नाही. याच दोघांचा 'साइन' हा आणखी एक खेळ आहे. १९७७ मध्ये निकाराग्वाची राजधानी मनाग्वा येथे कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाली; घरोघरी एकटी पडलेली मुले तिथे एकत्र आली आणि त्यांच्या आपसातल्या खुणांमधून नवी भाषा उभी राहिली. 'साइन'मधले खेळाडू तीच मुले होतात आणि एकही शब्द न उच्चारता आपल्या खुणा घडवतात.

'डायलेक्ट'बद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती महाराष्ट्राबाहेर मराठी बोलत राहिलेल्या आपल्यासारख्यांनाच सुचण्यासारखी आहे. या खेळात एकटेपणा म्हणजे भाषेचे जीवन आणि संपर्क म्हणजे मरण. आपला अनुभव असा सरळ नाही. तंजावरला सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी राज्य आले, १८५५ मध्ये ते संपले, तरी तिथल्या काही घरांत मराठी अजून टिकून आहे ती तमिळशी रोज संबंध ठेवून. बेळगावचा 'चल की' आणि इंदूरचा 'काय करून राहिलास' हे संपर्कातूनच घडलेले आहेत. पाव, बटाटा, चावी, पगार हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द काढून टाकले तर गोव्यातच काय, पुण्यातही सकाळ सुरू होणार नाही. आपल्या वस्त्यांना बेटांपेक्षा खाडीच अधिक जवळची : भरती आली की खारे पाणी आत, ओहोटीला गोडे बाहेर. म्हणून वर्गात हा खेळ घ्यायचा झाला तर त्याचा शेवट बदलावा असे मी सुचवेन. तिसऱ्या पर्वात पूल झाल्यावर भाषा मेलीच पाहिजे असा नियम न ठेवता, पलीकडून आलेले दोन शब्द वाडीने घ्यायचे आणि वाडीचा एक शब्द पलीकडे द्यायचा. कोणता शब्द पलीकडे टिकेल यावर मुले भांडतील. त्या भांडणाला वेळ द्यावा.

एखाद्या समाजाने मुद्दाम भाषा घडवावी हे आपल्याला नवे नाही. व्यापाऱ्यांची नंदभाषा होती, गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदे होते, महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ आणि सुंदरी या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. दरबारी फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश शिवकाळात झाला. बडोद्यात १९३१ मध्ये कारभाराच्या संज्ञांचा बहुभाषी 'सयाजीशासनशब्दकल्पतरू' निघाला. या सगळ्यांत शब्द कुणासाठी घडवला आणि कुणापासून लपवला, हा प्रश्न विचारता येतो. भूमिकाखेळाची तयारी करणाऱ्या मराठी लेखकाला एल्फ आणि ड्रॅगन यांच्या मागे जाण्याआधी हा साठा चाळायला हवा. नंदभाषा बोलणारा अडत्या आणि ती चोरून शिकलेला त्याचा नोकर एवढे दोघे मिळाले तरी रात्रभराचा खेळ उभा राहतो.

ज्यांना वर्गात करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. सहाहून अधिक मुले एका गटात घेऊ नयेत. बोलकी मुले बाकीच्यांची पात्रे खाऊन टाकतात. वैशिष्ट्ये ठरवताना 'गरीब', 'कष्टाळू' अशी विशेषणे स्वीकारू नयेत. 'होडीत पाचच माणसे मावतात' यासारखी मोजता येणारी गोष्ट मागावी, कारण शब्द वस्तूतून निघतात, विशेषणातून निघत नाहीत. नवा शब्द शक्यतो जुन्याच मराठी शब्दाला वेगळा अर्थ देऊन करावा. कानाला विचित्र वाटणारी अक्षरे जुळवण्यात मुलांना गंमत वाटते, पण असे शब्द संवादात दुसऱ्यांदा कुणी वापरत नाही. प्रत्येक शब्द फळ्यावर लिहावा, पुढे अर्थ बदलला की जुना अर्थ पुसू नये, शेजारी नवा लिहावा. दोन तासिका पुरतात. तिसरी मिळाली तर प्रत्येक मुलाने फक्त आपल्याच घरात चालणारा एक शब्द आजी-आजोबांना विचारून आणावा, आणि तो कुठल्या होडीतून आला ते वर्गाने ओळखावे.